यादीत नाव आहे, पण कॅशलेस नाही : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मिसेसच्या पित्ताशयाचं ऑपरेशन सांगलीत केलं. जायच्या आदल्या रात्री विमा कंपनीच्या अ‍ॅपवर बघितलं, हॉस्पिटलचं नाव नेटवर्कमध्ये होतं, म्हणजे कॅशलेस, बिल कंपनी परस्पर भरणार. सकाळी टीपीए डेस्कवरची मुलगी म्हणते, "काका, ती यादी जुनी आहे, तुमच्या कंपनीचं आमच्याकडे तीन महिने झाले बंद आहे." एफडी मोडून ९२ हजार भरले. चूक नक्की कुणाची?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : काका, तुमची तर नाहीच. मी एका टीपीएत, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम हाताळणाऱ्या संस्थेत, बरीच वर्षं नेटवर्कचं काम केलंय, म्हणून आतलं सांगतो. एका हॉस्पिटलची माहिती तीन ठिकाणी असते, विमा कंपनीकडे, टीपीएकडे आणि हॉस्पिटलच्या स्वतःच्या फायलीत. रेटवरून वाजलं किंवा करार संपला की कॅशलेस बंद करायचा मेल एका दुपारी जातो, पण अ‍ॅपवरची यादी बदलणारा माणूस वेगळा, बऱ्याचदा डिपार्टमेंटही वेगळं, आणि त्याच्यापर्यंत तो मेल पोचेपर्यंत तुमच्यासारखे दहा जण डेस्कवर जाऊन परत आलेले असतात.

आमच्याकडे तर एकच हॉस्पिटल तीनदा असायचं. एकदा 'श्री' लावून, एकदा 'श्री' न लावता, एकदा 'नर्सिंग होम' म्हणून. एक नोंद बंद केली तरी बाकीच्या दोन चालूच. हाच घोळ मिटावा म्हणून विमा माहिती ब्युरोनं रोहिणी ही हॉस्पिटलांची रजिस्ट्री काढली, त्यात प्रत्येक हॉस्पिटलला १३ अंकी नंबर मिळतो. पण नंबरामुळे हॉस्पिटल कुठलं ते कळतं, तुमच्या पॉलिसीवर आज तिथं कॅशलेस चालू आहे का ते नाही कळत. त्यात चार सरकारी विमा कंपन्यांचं पीपीएन (त्यांचं स्वतःचं हॉस्पिटलांचं नेटवर्क) वेगळं, म्हणजे शेजारच्या बेडवरच्या माणसाचं कॅशलेस होतं आणि तुमचं होत नाही, असंही होतं.

आता पैशांचं. यादीतून नाव गेलं म्हणजे क्लेम गेला असं नाही, रिइम्बर्समेंट टाका, म्हणजे भरलेलं बिल जोडून पैसे परत मागा. घाबरायची यादी दुसरीच असते, 'एक्सक्लुडेड प्रोव्हायडर', म्हणजे कंपनीनं वगळलेली हॉस्पिटलं. तिथं अपघात किंवा जिवावरचं दुखणं असेल तरच पैसे मिळतात, तेही पेशंट स्थिर होईपर्यंतचेच. ही यादी कंपनीच्या वेबसाइटवर असते आणि ती कुणीच बघत नाही, म्हणून मुद्दाम सांगतोय.

त्या रात्रीचा स्क्रीनशॉट असेल तर क्लेमसोबत जोडा, आणि कंपनीच्या तक्रार विभागाला वेगळा मेल पण करा की तुमच्या यादीवर विसंबून गेलो होतो. तिथं दाद लागली नाही तर बीमा भरोसा हे विमा नियामकाचं तक्रारींचं पोर्टल आहे, आणि महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, तिथं ५० लाखांपर्यंतचं प्रकरण चालतं, फी नाही, वकील लागत नाही.

आणि अजून एक. जानेवारी २०२४ पासून 'कॅशलेस एव्हरीव्हेअर' आलंय, नेटवर्कबाहेरच्या हॉस्पिटलातही कॅशलेस मागता येतं, ठरलेलं ऑपरेशन असेल तर ४८ तास आधी कळवायचं, इमर्जन्सी असेल तर अ‍ॅडमिट झाल्यावर ४८ तासांत. मात्र हॉस्पिटल तयार पाहिजे, आणि ज्याचं कंपनीशीच फाटलंय ते कशाला तयार होईल म्हणा.

प्रश्न : आमचं तालुक्याच्या गावी १२ बेडचं हॉस्पिटल आहे. सासरे आणि मिस्टर दोघे डॉक्टर, कागदपत्रांचं सगळं माझ्याकडे. एम्पॅनलमेंटची (विमा कंपनीच्या नेटवर्कमध्ये घ्यायची) फाइल पाच महिने पडून आहे, दर वेळी नवीन क्वेरी. बेड कमी म्हणून अडवतायत का?
(एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : ताई, बेडचं नसावं. १० लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावात १० बेड पुरतात, १५ ची अट मोठ्या शहरांना. फक्त कागदावरचे १२ आणि प्रत्यक्षातले १२ जुळले पाहिजेत. मी एकदा व्हिजिटला गेलो होतो तिथं कागदावर १५ आणि वॉर्डात ११, विचारलं तर डॉक्टर मला गच्चीवर घेऊन गेले, चार कॉट घडी करून ताडपत्रीखाली ठेवलेल्या! पेशंट वाढले की खाली आणतो म्हणे.

माझा अंदाज, तुमचं नावात अडकलंय. नर्सिंग होम रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट, पॅन, कॅन्सल्ड चेक, रोहिणी, चारही समोर ठेवा आणि एकेक अक्षर वाचा. पॅनवर 'हॉस्पिटल अँड मॅटर्निटी होम' आणि चेकवर नुसतं 'हॉस्पिटल' असेल तर फाइल तिथंच थांबते, कारण पैसे चुकीच्या खात्यात जायची भीती असते. मग रजिस्ट्रेशनची तारीख बघा, ते तीन वर्षांचं असतं आणि रिन्यूअलला टाकल्याची पावती सगळ्यांना चालतेच असं नाही. सासऱ्यांचं मेडिकल कौन्सिलचं रिन्यूअल पण बघा, दर पाच वर्षांनी करायचं असतं आणि सीनियर डॉक्टरांचं हमखास राहतं (रागावू नका, आमच्या घरी पण तेच झालंय). आणि क्वेरीला तुकड्या-तुकड्यानं उत्तरं देऊ नका, दर तुकड्याला फाइल परत रांगेच्या शेवटी जाते, सगळं एकाच मेलमध्ये एकदम पाठवा.

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीत असते. इन्शुरन्सच्या डिरेक्टरीत बघून डॉक्टरकडे गेली, नंतर आउट ऑफ नेटवर्कचं बिल आलं. तिकडे पण असंच?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : तिकडे पण असंच, फक्त तिथं हॉस्पिटलपेक्षा एकेका डॉक्टरची नोंद महत्त्वाची. प्रत्येकाला १० अंकी एनपीआय हा ओळख नंबर, आणि बहुतेक डॉक्टरांना सीएक्यूएच या डॉक्टरांची माहिती एकत्र ठेवणाऱ्या संस्थेच्या पोर्टलवर साधारण दर १२० दिवसांनी माहिती बरोबर असल्याचं परत सांगावं लागतं. तरी डॉक्टर एका क्लिनिकात नेटवर्कमध्ये आणि दुसऱ्यात नाही, असं सर्रास असतं. पण तिच्या बाजूनं एक कायदा आहे, 'नो सर्प्रायझेस अ‍ॅक्ट', २०२२ पासून लागू. कंपनीनं डिरेक्टरी दर ९० दिवसांनी तपासायची, आणि चुकीच्या डिरेक्टरीवर विसंबून पेशंट गेला तर त्याच्याकडून इन-नेटवर्कइतकाच हिस्सा घ्यायचा. बहुतेक खासगी प्लॅनना हे लागू होतं. तिला म्हणावं बिल लगेच भरू नकोस, आधी अपील टाक, आणि डिरेक्टरीच्या पानाचा तारखेसकट फोटो असेल तर तो जोड.