बायकोला पाचवा महिना आहे, रोज ठाणे–तुर्भे लोकलचा प्रवास आहे. तिला त्रास होऊ नये म्हणून मी काय करू?

तुम्ही लिहिलंय की घर मानपाड्याला, तिची नोकरी तुर्भ्याला, तुमची आई सातव्या महिन्यात गावाहून येणार आणि तोवर घरात तुम्ही दोघंच. फळं, बदाम, प्रोटीन पावडर सगळं आणून ठेवलंय, तरी ती थकलेली दिसते. मी 24 वर्षं एएनसी ओपीडीत, म्हणजे गरोदर बायकांच्या तपासणी विभागात, परिचारिका होते, राहते ठाण्यातच. म्हणून आधी एकच विचारते. ती सकाळी निघाल्यापासून ऑफिसात पोचेपर्यंत पाणी पिते का?

बहुतेक जणी पीत नाहीत. घोडबंदर रोडला रिक्षा कुठे अडकेल याचा भरवसा नाही, स्टेशनवरच्या स्वच्छतागृहात जायची इच्छा होत नाही, म्हणून घरून निघताना घोटभर पाणी पिऊन निघायचं ते थेट ऑफिसात. आधीच या दिवसांत लघवीला वारंवार होते. ती दाबून धरायची आणि वर पाणी तोडायचं, म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण. गरोदरपणात हा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो आणि त्यातून दिवस भरायच्या आधी कळा सुरू होऊ शकतात. माझ्या ओपीडीत ताप आणि कंबरदुखी घेऊन आलेल्या कितीतरी नोकरदार मुलींना मी हाच प्रश्न विचारला आहे आणि बहुतेकींनी मान खाली घातली आहे. ही गोष्ट त्या नवऱ्याला सांगत नाहीत, कारण त्यांना ती सांगण्यासारखी वाटतच नाही. तेव्हा तुम्ही विचारा. ऑफिसात पोचल्याबरोबर आणि निघण्याच्या आधी बाथरूमला जाऊन यायचं, बाटली सतत जवळ ठेवायची आणि लघवीला जळजळ झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं, हे दोघांनी मिळून ठरवून टाका.

आता प्रवास. ट्रान्स-हार्बरच्या, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या, गाड्या ठाण्यातूनच सुटतात, त्यामुळे 9–10 नंबरच्या फलाटावर दहा मिनिटं आधी पोचलं की बसायला मिळतं. तुमच्या बाजूने आलात तर पूल चढावा लागतो, म्हणून ती दहा मिनिटं घरूनच धरून निघायला हवं. शक्य तेव्हा तुम्ही तिच्याबरोबर फलाटापर्यंत जा आणि डब्याची पिशवी तुमच्या खांद्यावर घ्या. संध्याकाळी तुर्भ्याहून परतताना पनवेलकडून भरून आलेल्या गाडीपेक्षा वाशीहून सुटणारी गाडी धरावी. दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बाईला बसता येतं, फक्त डॉक्टरांचा कागद पर्समध्ये असावा. पोट अजून दिसत नाही म्हणून आपल्या मुली तिथे चढायला संकोचतात. तुम्हीच तिला आग्रहाने सांगा. आणि धावत गाडी कधीच पकडायची नाही, अगदी खाडा पडला तरी.

लोहाच्या गोळीचं तर मला तळमळून सांगायचं आहे. आपल्याकडे गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान 180 दिवस लोह-फॉलिक ॲसिडची गोळी देतात. बायका ती घेतातही, पण चहाबरोबर. चहाने लोह शरीरात नीट शोषलं जात नाही. कॅल्शियमची गोळी सोबत घेतली तरी तेच. मग हिमोग्लोबिन 11 च्या खालीच राहतं आणि घरातले म्हणतात, "खात नाही म्हणून." लोहाची गोळी जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर द्या, चहा पुढेमागे तासभर नको, कॅल्शियम दुसऱ्या जेवणाला. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. बद्धकोष्ठता मात्र होते आणि खूप छळते. तिने गोळी गुपचूप बंद करण्याआधी डॉक्टरांना सांगून बदलून घ्या.

खाण्याचं थोडक्यात सांगते. "दोन जीवांची आहेस, दुप्पट खा" हे खरं नाही. दिवसाला साधारण 350 कॅलरी जास्त लागतात, म्हणजे दोन पोळ्या आणि वाटीभर घट्ट वरण. बदामापेक्षा उसळ, नाचणीची भाकरी, दूध, अंडी, गूळ-चणे जास्त कामाचे. पावसाळ्यात पाणी उकळूनच, आणि बाहेरची पाणीपुरी, कापून ठेवलेली फळं बंद. दूषित पाण्यातून होणारी ई प्रकारची कावीळ गरोदर बाईला जिवावर बेतते. मच्छरदाणीही लावा.

झोपताना कुशीवर, दोन्ही गुडघ्यांच्या मधे एक उशी. सातव्या महिन्यापासून तर उताणं झोपायचंच नाही. रात्री पोटऱ्यांत गोळे आले की तुम्ही उठा, पाऊल हळूच तिच्या नडगीकडे वाकवा आणि पोटरी चोळा.

तिच्या कंपनीत आताच बोलून ठेवा. कायद्याने पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची पगारी रजा आहे आणि त्यातली 8 आठवड्यांपर्यंतची रजा बाळंतपणाआधी घेता येते. 24 ते 28 आठवड्यांत साखरेची तपासणी चुकवू नका. कामाच्या घाईत तीच राहून जाते.

आई आल्यावर डोहाळजेवण होईल, हौस होईल, ते जरूर करा. पण तिला तासन्‌तास पाटावर बसवू नका, ओटी भरून झाली की खुर्ची द्या. आणि "आमच्या वेळी आम्ही नवव्या महिन्यापर्यंत पाणी भरायचो" असं कुणी म्हणालं तर उत्तर तिने नाही, तुम्ही द्यायचं.

शेवटचं, हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा. रक्तस्राव, पाणी जाणं, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, रक्तदाब 140/90 किंवा वर, ताप, सात महिन्यांनंतर बाळाची हालचाल कमी वाटणं. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट न बघता निघायचं. गाडी मिळत नसेल तर 108. नाव घातलेल्या रुग्णालयात रात्री कुठल्या दारातून आत घेतात हे एखाद्या रविवारी जाऊन बघून या, आणि तिची फाईल दाराजवळच्या खुंटीला लावा.