पुरस्कार, मानधन आणि कागदपत्रे

पुरस्कारांचा मोसम आला की तेच गैरसमज नव्याने विचारले जातात. यावेळचे चार प्रश्न.

प्रश्न : एका संस्थेने फोनवर 'राज्यस्तरीय कलारत्न' जाहीर केला. नोंदणीसाठी 5100 रुपये मागतात. भरावेत का?

उत्तर : नाही. पैसे मागितले की तो पुरस्कार नाही, विक्री आहे. आधी भरले असतील, तर पावती आणि संदेश जपून ठेवा, वकिलाला दाखवा.

प्रश्न : आमचं नाटक राज्य नाट्य स्पर्धेत पहिलं आलं. हाच राज्य सांस्कृतिक पुरस्कार का?

उत्तर : नाही. स्पर्धेचं बक्षीस त्या प्रयोगाचं, पुरस्कार कलावंताच्या दीर्घ कामाचा.

प्रश्न : वडील ढोलकीवादक, वय 68. गावात म्हणतात, मोठा पुरस्कार आणि आमदाराची चिठ्ठी असल्याशिवाय कलावंतांचं सरकारी मानधन मिळत नाही. थांबावं का?

उत्तर : एक दिवससुद्धा थांबू नका! पुरस्कार हा गौरव, मानधन हा उतारवयाचा आधार. एकासाठी दुसऱ्याची वाट पाहायची नसते. ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांसाठीच्या राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज मानधन योजनेत वयाची अट 50 वर्षांची आहे, दिव्यांगांना 40. कलेतलं किमान 15 वर्षांचं काम दाखवावं लागतं, उत्पन्नाची मर्यादाही आहे. 2024 पासून मानधन महिना 5000 रुपये झालं.

अर्ज अडतो तो कागदांवर. तमाशातल्या माणसानं आयुष्यभर नारायणगावच्या राहुट्यांतून सुपाऱ्या (खेळांची आगाऊ बोलणी) घेतल्या, फडाबरोबर, म्हणजे तमाशाच्या संचाबरोबर, जत्रा केल्या, पण हातात पुरावा काय? यात्रा कमिटीच्या पावत्या, हँडबिलं, कात्रणं, आकाशवाणीचं करारपत्र, फडमालकाचा दाखला, जे सापडेल ते आजच एका फायलीत लावा. फडमालक हयात आहेत तोवर सही घ्या. आधार आणि शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख जुळते का पाहा. तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, तरी शेवटची वर्षं हलाखीतच गेली. 2002 मध्ये त्या गेल्या, आणि त्यांच्या नावाचा राज्य पुरस्कार त्यानंतर सुरू झाला. ज्यांना राष्ट्रपतींनी गौरवलं त्यांची ही गत, तर फडातल्या ढोलकीवाल्याला कोण विचारणार? म्हणून मी प्रत्येक घराला सांगते, म्हाताऱ्या कलावंताची फाइल त्याच्या हयातीत पूर्ण करा. एजंटाला पैसे देऊ नका. अटी आणि कागदांची यादी बदलत राहते, तेव्हा अर्जाआधी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात वडिलांना घेऊन जा आणि तिथे विचारून घ्या.

प्रश्न : पुरस्काराच्या रकमेवर आयकर लागतो का?

उत्तर : केंद्र किंवा राज्य सरकारने सार्वजनिक हितासाठी सुरू केलेल्या, वा केंद्र सरकारने मान्य केलेल्या पुरस्कारांना सूट असते, खासगी संस्थेच्या प्रत्येक थैलीला नाही. पुरस्काराचं पत्र घेऊन सीएला भेटा, विवरणपत्र भरायच्या आधी.