आउटलायरला 'अपवाद' म्हणायचं का?

प्रश्न असा की इंटरक्वार्टाइल रेंज (मधल्या अर्ध्या आकड्यांचा पसारा) वापरून जे आउटलायर, म्हणजे बाकीच्यांपासून फार दूर पडलेले आकडे, शोधून काढतात त्यांना मराठीत 'अपवाद' म्हणावं की सरळ 'चुकीची नोंद'. 'चुकीची नोंद' तर अजिबात नको. 'अपवाद'ही मला फारसा पटत नाही, कारण अपवाद म्हटलं की आधी नियम आला, आणि इथे नियमबियम काही नसतो, एक आकडा बाकीच्यांपासून फटकून बसलाय एवढंच आपण म्हणत असतो. कुठेतरी 'विक्षिप्त' पण वाचलंय, ते राहू दे, आकडा बिचारा काही वेडा नाही.

पद्धत बघितली की शब्द आपोआप सुचतो. समजा ११ आकडे आहेत, चढत्या क्रमाने: १२, १४, १५, १५, १६, १७, १८, १९, २०, २२, ४८. मधला १७, तो मध्यक. त्याच्या डावीकडच्या पाचांतला मधला १५ हा पहिला चतुर्थक, उजवीकडच्या पाचांतला मधला २० हा तिसरा. (चतुर्थक म्हणजे चौथा भाग नव्हे हं, भाग पाडणारी खूण, म्हणून भाग चार पण चतुर्थक तीनच.) दोघांतलं अंतर ५, हाच आंतरचतुर्थक विस्तार, म्हणजे वर म्हटलेली इंटरक्वार्टाइल रेंज. त्याची दीडपट ७.५, ती १५ मधून वजा केली आणि २० मध्ये मिळवली की हद्दी येतात ७.५ आणि २७.५. ४८ बाहेर.

ही दीडपटीची युक्ती जॉन टुकी या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाची, १९७७ च्या पुस्तकातली, बॉक्स प्लॉटही (चतुर्थक चौकटीने दाखवणारी आकृती) त्याचाच, आणि या हद्दींना त्याने नाव दिलं ते कुंपण या अर्थाचंच! म्हणून मी तरी 'कुंपणाबाहेरचा आकडा' म्हणतो, आणि तांत्रिक लिखाणात सरळ 'आउटलायर', सगळ्यांना कळतं. तिप्पट अंतराचं आणखी एक बाहेरचं कुंपण असतं, इथे ते ३५ वर येतं, म्हणजे ४८ त्याच्याही पलीकडे.

साधा विस्तार, म्हणजे सगळ्यात मोठा वजा सगळ्यात लहान, का नाही घेत? कारण ज्याच्यावर संशय आहे तोच माप ठरवायला बसतो. ४८ च्या जागी ४८० टाकून बघा, सरासरी १९.६ वरून ५८.९ वर जाते, उरलेल्या दहाही जणांच्या वर, पण चतुर्थक जागचे हलत नाहीत.

आता 'चूक' का नको ते. आकडे अगदी नॉर्मल वितरणातून (मधे गर्दी, दोन्ही बाजूंना सारखं विरळ होत जाणारं, घंटेच्या आकाराचं) आलेले असले, एकही नोंद चुकलेली नसली, तरी मोठ्या डेटात हजारात साधारण ७ या कुंपणाबाहेर पडतातच. उत्पन्नासारखा एका बाजूला लांब शेपूट असलेला डेटा असेल तर कितीतरी जास्त, आणि तेही सगळे खरेखुरे. कुंपणाबाहेर दिसला म्हणजे जाऊन चौकशी करा, टायपिंगची चूक निघाली तर दुरुस्त करा, नाहीतर राहू द्या, नुसतं बाहेर आहे म्हणून खोडायचं नाही.

आणि हो, एक्सेलमध्ये हेच आकडे टाकून नेहमीच्या फॉर्म्युल्याने तिसरा चतुर्थक काढलात तर २० ऐवजी १९.५ येईल, वरचं कुंपण २६.२५ होईल. घाबरू नका, चतुर्थक काढायच्या रीतीच वेगवेगळ्या आहेत, कुठली वापरली ते लिहून ठेवा म्हणजे झालं.