खांदा ओढायचा, की वाट पाहायची?

खांद्याच्या दुखण्याबद्दल आलेल्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसली: दोघांनी दोन उलट सल्ले दिलेत, ऐकू कोणाचे? बऱ्याचदा दोन्ही सल्ले बरोबर असतात, पण वेगवेगळ्या खांद्यांसाठी, किंवा एकाच खांद्याच्या वेगवेगळ्या महिन्यांसाठी. म्हणून प्रत्येक उत्तरात आधी दुखणे नेमके कुठले आणि कुठल्या टप्प्यातले, हे पाहते आणि मग पद्धतीकडे वळते.

प्रश्न: माझे वय 52, मधुमेह आहे. पाच महिन्यांपासून डावा खांदा आखडलाय. केस विंचरता येत नाहीत, हात पाठीमागे जात नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. एका ठिकाणी फिजिओथेरपीत जोर लावून हात वर नेतात, अक्षरशः रडू येते. दुसरे डॉक्टर म्हणतात, काही करू नका, आपोआप मोकळा होईल. काय करू?

आधी एक साधी तपासणी. कोपर अंगाला चिकटवून काटकोनात वाकवा आणि पंजा बाहेरच्या बाजूला वळवा. स्वतः वळवताना हात जिथे अडतो, तिथेच दुसऱ्याने हलकेच वळवला तरी अडत असेल आणि एक्स-रेमध्ये काही दोष नसेल, तर हा बहुधा फ्रोझन शोल्डर. अमेरिकी शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी 1934 मध्ये हे नाव दिले. यात सांध्याभोवतीचे आवरण आधी सुजते, मग जाड होऊन आक्रसते. तुमची झोप अजून मोडतेय, म्हणजे सूज शांत झालेली नाही. अशा आवरणाला ओढले की ते आणखी चिडते.

नेदरलँड्समधला 77 रुग्णांचा एक अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. एका गटाला जोरकस ताण आणि हाताने सांधा मोकळा करण्याचे उपचार दिले. दुसऱ्या गटाला आजार समजावून सांगितला आणि दुखण्याच्या मर्यादेतले व्यायाम दिले. दोन वर्षांनी दुसऱ्या गटातल्या 89 टक्के लोकांचा खांदा जवळजवळ पूर्ववत झाला होता, तर जोरकस गटात 63 टक्क्यांचा. तेव्हा रडवणारा ताण आजच थांबवा. त्यासाठी मला पुढच्या तपासणीची वाट पाहावीशी वाटत नाही.

पण 'काही करू नका' हेही मला मान्य नाही. त्या दुसऱ्या गटाने हात झोळीत ठेवला नव्हता, झेपेल तेवढे रोजचे काम चालू ठेवले होते. शिवाय 'आपोआप मोकळा होईल' या वाक्यातला 'आपोआप' एक ते तीन वर्षांचा असू शकतो, आणि काहींच्या खांद्यात थोडा ताठरपणा कायम राहतो. मधुमेहात ही वाट आणखी लांबते.

या टप्प्यात सांध्यात दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन काही आठवडे दुखणे चांगले कमी करते. त्या मोकळ्या दिवसांत हलके व्यायाम करून घ्यायचे. इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते, म्हणून मधुमेहाच्या डॉक्टरांना आधी कळवा. पुढे दुखणे ओसरून फक्त ताठरपणा उरला, की ताण वाढवायचा. आज जो ताण चुकीचा, तोच सहा महिन्यांनी औषध ठरतो.

भूल देऊन खांदा मोकळा करायला कोणी सुचवले, तर एवढे लक्षात ठेवा. ब्रिटनमध्ये 503 रुग्णांवर झालेल्या आणि 2020 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन उपायांची तुलना झाली: भूल देऊन हात फिरवणे, दुर्बिणीतून आवरण सोडवणे, आणि इंजेक्शनसह फिजिओथेरपी. वर्षभरानंतर तिन्ही गट सुधारलेले होते आणि त्यांच्यातला फरक रुग्णाला जाणवेल एवढा नव्हता. गंभीर गुंतागुंत मात्र दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या गटात अधिक झाली.

प्रश्न: वय 61. पडलो-झडलो नाही, तरी खांदा दुखतो म्हणून एमआरआय केला. अहवालात 'स्नायूबंध पूर्ण फाटला' असे लिहिले आहे. फाटलेली गोष्ट व्यायामाने कशी जुळेल?

जुळणार नाही. व्यायामाने फाटलेला भाग शिवला जातो, असे कोणी सांगत असेल तर ते खरे नाही. पण तुमचे दुखणे आणि ती फाट एकच आहे, हेही गृहीत धरू नका. साठीनंतर एकही दिवस खांदा न दुखलेल्या माणसांच्या तपासणीतही अशा फाटी सापडतात. रोटेटर कफ म्हणजे खांद्याचा सांधा धरून ठेवणारे चार स्नायू आणि त्यांना हाडाशी जोडणारे बंध. एकाचा बंध सुटला, तरी उरलेले स्नायू आणि वरचा जाड डेल्टॉइड मिळून हात उचलायला शिकू शकतात.

अमेरिकेत अपघाताविना झालेल्या पूर्ण फाटीच्या चारशेहून अधिक रुग्णांना आधी ठरावीक फिजिओथेरपी दिली गेली. दोन वर्षांत साधारण चारांपैकी तिघांना शस्त्रक्रिया लागली नाही. जे शस्त्रक्रियेकडे वळले, त्यांतले बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच वळले. म्हणून मी बारा आठवडे मनापासून व्यायाम करायला सांगते: आठवड्यातून तीनदा, हळूहळू वजन वाढवत. तेवढ्या काळात काहीच फरक पडला नाही, तर सर्जनशी पुन्हा बोला. लहान फाट काळानुसार वाढू शकते, म्हणून अधूनमधून तपासणीही हवी.

पडल्यावर किंवा झटका बसल्यावर हात अचानक वर जाईनासा झाला, तर मात्र हे सगळे लागू नाही. तिथे बारा आठवडे घालवू नका. त्याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, कारण ताजी फाट लवकर शिवणे सोपे जाते.

प्रश्न: मुलगा 19 वर्षांचा, व्हॉलीबॉल खेळतो. पहिल्यांदाच खांदा निखळला, बसवला. कोणी म्हणते सहा आठवडे बांधून ठेवा, कोणी म्हणते लगेच ऑपरेशन. नुसत्या व्यायामाने भागेल का?

सहा आठवडे बांधून ठेवण्याने खांदा पुन्हा निखळायचा थांबतो, असे दिसलेले नाही. या वयात दुखणे बसेपर्यंत एक ते तीन आठवडे झोळी पुरते.

अवघड प्रश्न पुढचा आहे, आणि पालक म्हणून तुम्हाला तो स्पष्ट सांगायला हवा. विशीच्या आतबाहेरच्या, डोक्यावरून हात फिरवणाऱ्या खेळाडूंत निम्म्याहून अधिक जणांचा खांदा पुन्हा निखळतो. निखळताना सांध्याच्या खोबणीची पुढची कड बहुधा उखडलेली असते. व्यायामाने स्नायूंची पकड सुधारते, ती कड जागेवर बसत नाही. त्यामुळे एमआरआय करून, स्पर्धात्मक खेळ चालू ठेवायचा आहे का हे मुलालाच विचारून निर्णय घ्या. खेळणार असेल, तर पहिल्याच वेळी शस्त्रक्रिया हा उतावीळपणा नव्हे. खेळ सोडणार असेल, तर व्यायाम करून पाहणे पूर्ण योग्य.

मार्ग कोणताही घेतला, तरी कॅलेंडर पाहून मैदानावर पाठवू नका. स्मॅशसाठी हात मागे नेल्यावर 'आता निसटेल' अशी धास्ती वाटत असेल, तर तो तयार नाही. ताकद दुसऱ्या हाताच्या जवळपास आली पाहिजे. चेंडू फेकण्याचा सराव आधी कमी वेगाने, मग पूर्ण वेगाने व्हायला हवा. याला तीन-चार महिने लागतात, शस्त्रक्रियेनंतर सहाच्या आसपास.

प्रश्न: माझा रोटेटर कफ शिवला आहे. मला सहा आठवडे झोळी सांगितली, तर त्याच शस्त्रक्रियेनंतर ओळखीच्या बाईंना दुसऱ्या आठवड्यात हालचाल सुरू करायला लावली. माझा खांदा आखडेल का?

ही तुलना मनातून काढून टाका, कारण त्यांची फाट आणि तुमची फाट एक नव्हे. लवकर हालचाल सुरू केलेल्यांचा हात पहिल्या काही महिन्यांत जास्त मोकळा होतो, वर्षभरानंतर दोन्ही गट जवळपास सारखे येतात. फाट मोठी असेल किंवा स्नायूबंध पातळ असेल, तर घाईने शिवण सुटण्याचा धोका असतो. स्नायूबंध हाडाला धरायला साधारण बारा आठवडे लागतात, आणि टाके किती घट्ट बसले हे फक्त तुमच्या सर्जनने पाहिलेले असते. माझे मतही त्यांच्या सूचनेनंतरचे.

मात्र झोळी म्हणजे सगळा हात बंद नव्हे. बोटे आणि मनगट पहिल्या दिवसापासून हलवा. कोपराबद्दल एकदा विचारून घ्या, कारण दंडाच्या बायसेप्सचा बंधही शिवला असेल तर तिथे वेगळी मर्यादा असते. आणि धूम्रपान करत असाल, तर ते थांबवणे कुठल्याही व्यायामाइतकेच महत्त्वाचे.

प्रश्न: शेक, अल्ट्रासाउंडचे मशीन, टेप यांतले काय घ्यावे?

शेकाने बरे वाटत असेल तर व्यायामाआधी जरूर घ्या. बाकीच्यांचा उपयोग झालाच तर थोडा आणि थोड्या वेळापुरता. चाळीस मिनिटांपैकी तीस मशीनखाली जात असतील, तर व्यायाम कधी शिकवणार, असे विचारा.

प्रश्न: फिजिओथेरपीला रोज जाणे जमत नाही. हात वर करताना दुखते, रोटेटर कफचाच त्रास आहे, असे निदान झाले आहे. घरी करून चालेल का?

तुमच्या निदानात चालेल. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या 708 जणांच्या चाचणीत एका गटाला सहापर्यंत भेटींत व्यायाम शिकवले. दुसऱ्याला एकच सविस्तर भेट, पुस्तिका आणि व्हिडिओ दिले. वर्षभरात दोघांच्या सुधारणेत फरक दिसला नाही. पण ती एक भेट नीट, तपासणीसह झालेली होती, ती गाळू नका. आणि शस्त्रक्रिया झालेल्या किंवा निखळलेल्या खांद्याला हे लावू नका.

घरी मोजमाप असे ठेवा. शून्य म्हणजे दुखणे नाही, दहा म्हणजे सहन न होणारे. व्यायाम करताना चारपर्यंत दुखले तरी चालेल, पण दुसऱ्या सकाळी ते पहिल्या पातळीवर आले पाहिजे. आले, तर पुढच्या आठवड्यात वजन किंवा आवर्तने थोडी वाढवा. नाही आले, तर व्यायाम बंद न करता निम्म्यावर आणा. खांद्यासोबत ताप, विनाकारण घटणारे वजन किंवा हाताला मुंग्या येऊन कमजोरी असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. चालताना, जिना चढताना डावा खांदा दुखून धाप लागत असेल, तर त्याच दिवशी हृदयाची तपासणी करून घ्या.