आरोग्य-प्रश्नोत्तरे : पाळी जाण्याचे वय आणि मनावरचा ताण

प्रश्न : माझे वय 46 आहे. आमचे पाच एकर कोरडवाहू वावर असून आम्ही कापूस आणि तूर घेतो. मुलीचे लग्न झाले आहे, मुलगा यवतमाळला शिकतो आणि सासूबाई वर्षभरापासून अंथरुणाला खिळून आहेत. अलीकडे माझी पाळी कधी दोन महिने येत नाही, तर कधी पंधरा दिवसांतच येते. रात्री दोन-तीन वाजता दचकून जाग येते, छातीत धडधडते, अंगातून वाफा निघतात आणि मग गटाच्या कर्जाचा हप्ता, मुलाची फी, कापसाचा भाव असे सारे डोक्यात फिरत राहते. दिवसा क्षुल्लक कारणावरून चिडते आणि मागाहून रडू येते. तालुक्याच्या डॉक्टरांनी बी.पी. ठीक असल्याचे सांगून ताकदीची सलाईन लावली. घरचे म्हणतात, टेन्शन घेऊ नको. मला खरेच काही आजार आहे, की माझा स्वभावच बिघडला आहे?
— एक वाचक, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, सेहेचाळिसाव्या वर्षी कोणाचा स्वभाव असा एकाएकी बिघडत नाही. तुमच्या बऱ्याच तक्रारी पाळी जाण्याच्या आधीच्या काळातील शारीरिक बदलांशी जुळतात आणि उरलेल्या तुमच्या डोक्यावरच्या कामाच्या व काळजीच्या बोजातून आलेल्या दिसतात. शिवाय दोन्ही प्रकार एकमेकांना खतपाणी घालतात.

भारतीय स्त्रियांची पाळी सरासरीने 46-47 व्या वर्षाच्या सुमारास कायमची थांबते. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असे मानतात, पण त्याआधीची काही वर्षे अनियमिततेची असतात. या काळात बीजकोशांत तयार होणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक कधी खूप वाढते, तर कधी एकदम घसरते. शरीराचे तापमान सांभाळणाऱ्या मेंदूतील केंद्रावर या चढउतारांचा परिणाम होतो. उष्णता किंचित वाढली तरी शरीर फार तापल्याप्रमाणे ते केंद्र वागू लागते, त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम फुटतो आणि हृदयाचे ठोके वाढतात. हे रात्री घडले की झोप मोडते आणि धडधडत्या छातीने जागे झालेले मन त्या धडधडीचे कारण शोधू लागते. घरात हप्ता थकलेला असेल तर कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. काळजीने झोप उडते हे खरेच आहे. परंतु पुष्कळ रात्री आधी शरीर जागे होते आणि काळजी मागाहून येते. एवढे समजले तरी त्या वेळची घाबरगुंडी कमी झाल्याचे अनेक स्त्रिया मला सांगतात.

तरीही सगळे पाळीवर ढकलून मोकळे होणे मला मान्य नाही. पहाटे उठून पाणी भरायचे, स्वयंपाक करून डबा घेऊन वावरात जायचे, दिवसभर निंदण किंवा कापसाची वेचणी करायची, घरी आल्यावर पुन्हा चूल पेटवायची आणि रात्री सासूबाईंच्या हाकेला उठायचे, असा दिनक्रम असणाऱ्या बाईला ‘टेन्शन घेऊ नको’ असे सांगणे म्हणजे काहीच न सांगणे होय. ताण कमी करायचा असेल तर कोणते काम कोण उचलणार हे ठरवावे लागेल. माझी पहिली सूचना म्हणून तुमच्या यजमानांसाठी आहे: आठवड्यातून निदान तीन रात्री सासूबाईंचे सारे त्यांनी पाहावे आणि त्या रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत किंवा शेजारी-नात्यात झोपावे. आईची सेवा हे मुलाचेही काम आहे, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा!

दुसरी सूचना पैशांबाबत. आपल्या भागात गटाचे किंवा खासगी वित्तसंस्थेचे कर्ज पुष्कळदा बाईच्या नावावर असते, वसुलीला येणारा माणूस तिच्याच दारात उभा राहतो, परंतु बँकेचे पीककर्ज किती, कृषी केंद्राची उधारी किती, कापूस विकून हाती काय आले, हे तिला कोणी सांगत नाही. आकडा ठाऊक नसलेली काळजी रात्रीतून फुगत जाते. एके दिवशी दोघांनी बसून कोणाचे किती देणे आहे, हप्त्याची तारीख कोणती आणि कोणते देणे पुढे ढकलता येईल, हे एका वहीत लिहून काढावे. त्याने कर्ज फिटणार नाही. पण रात्री दोन वाजता मनातल्या मनात तीच बेरीज पुन्हा पुन्हा करण्याची गरज उरणार नाही.

आता तपासण्यांविषयी. केवळ बी.पी. पाहून थांबणे योग्य झाले नाही. हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि रक्तातील साखर या तीन तपासण्या अवश्य करून घ्याव्यात. थकवा, धडधड, चिडचिड ही लक्षणे रक्ताच्या कमतरतेतही दिसतात आणि थायरॉईडच्या बिघाडातही. स्त्रियांमध्ये हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या खाली गेले की रक्त कमी आहे असे मानतात; 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांमध्ये ते कमी आढळले होते. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाणही दखल घेण्याजोगे असल्याने, ती तपासणी पूर्वी झाली नसेल तर तीही करावी. पंधरा दिवसांत पाळी येते असे तुम्ही लिहिले आहे, त्यासाठी ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे, आणि नसबंदी झालेली नसेल तर पाळी लांबल्यावर गर्भधारणेची तपासणीही करावी. सलाईनच्या बाबतीत इतकेच सांगते की अर्ध्या लिटरच्या ग्लुकोजच्या बाटलीत सुमारे 25 ग्रॅम साखर असते, म्हणजे चहाच्या पाच-सहा चमच्यांएवढी. ती ताकद भाकरी, तुरीचे वरण आणि शेंगदाण्याच्या चटणीतून पुष्कळ स्वस्तात मिळते.

रात्री जाग आल्यावर घड्याळ आणि मोबाईल पाहू नये. चार अंक मोजत श्वास घ्यावा आणि सहा अंक मोजत सोडावा, असे पाच-सात मिनिटे करावे. सावकाश सोडलेल्या श्वासाने हृदयाची गती उतरते. अर्ध्या तासात झोप लागली नाही तर उठून बसावे, घोटभर पाणी प्यावे आणि डोळे जड झाल्यावरच पडावे. दुपारी चारनंतरचा चहा बंद करावा, जेवणासोबत तर चहा घेऊच नये, कारण त्यामुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही. खर्रा, मिश्री किंवा तंबाखूची सवय असल्यास तीही या प्रश्नात मोडते. तंबाखूने डोके शांत झाल्यासारखे वाटते, परंतु त्या वेळी प्रत्यक्षात फक्त तिची तलफ भागलेली असते. निकोटीन हृदयाची गती वाढवते आणि झोप उथळ करते.

सलग दोन आठवडे मन उदास राहिले, कशातच गोडी वाटेनाशी झाली किंवा जगणे नको असे विचार येऊ लागले, तर हा नेहमीचा ताण राहिलेला नाही असे समजावे आणि मदत घ्यावी. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीत बोलता येते. गावातील आशाताईंना सांगितले तरी त्या जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागापर्यंत पोहोचवू शकतात. अशा काळात फवारणीची औषधे घरात न ठेवता कुलूपबंद जागी, दुसऱ्याच्या ताब्यात ठेवावीत, हे घरातील पुरुषांनी आपणहून करावे.

प्रश्न : मी चाकणला कारखान्यात काम करतो. आई गावी असते, वय 50. फोनवर काहीही विचारले तरी ‘बरं आहे’ एवढेच म्हणते, पण बहीण सांगते की ती रात्र रात्र जागी असते. मी एवढ्या लांबून काय करू शकतो?
— एक वाचक, मूळ गाव मंगरुळपीर तालुका, जि. वाशिम

उत्तर : ‘कशी आहेस’ या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे ‘बरं आहे’ असेच देतात, ती एक रीत आहे. त्याऐवजी काल रात्री किती वेळा जाग आली, जेवण केव्हा केले, गुडघा दुखतो का, असे नेमके प्रश्न विचारा. मुलाजवळ पाळीविषयी बोलणे तिला जड जाईल, तो भाग बहिणीवर सोपवावा. पुढच्या सुटीत गावी गेलात की तिला स्वतः रुग्णालयात घेऊन जा, कारण बस आणि रांगेत एक अख्खा रोज बुडतो म्हणून बायका तपासणी टाळतात. पैसे पाठवत असाल तर त्यातील थोडी रक्कम तिच्याच खात्यात पाठवावी आणि ती कशावर खर्च केली हे विचारू नये.

प्रश्न : वय 44. धानाच्या रोवणीच्या दिवसांत अंगावरून इतके जाते की बांधीत उभे राहवत नाही. एका खासगी दवाखान्यात सांगितले की पिशवी काढून टाका, म्हणजे त्रासही जाईल आणि टेन्शनही. काढावी का?
— एक वाचक, तिरोडा तालुका, जि. गोंदिया

उत्तर : गर्भपिशवी काढणे हा मनाच्या ताणावरचा उपचार नाही. रक्तस्राव गाठींमुळे आहे, संप्रेरकांच्या चढउतारामुळे की आणखी कशामुळे, हे सोनोग्राफी आणि तपासणीने आधी कळले पाहिजे. त्यानंतरही रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, संप्रेरकांच्या गोळ्या किंवा संप्रेरक सोडणारी तांबी असे उपाय पुष्कळ स्त्रियांना पुरतात. काही वेळा शस्त्रक्रिया खरोखर आवश्यक असते, तिची भीती बाळगू नये. मात्र पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर पाळी जाण्याचा सारा त्रास एकदम आणि तीव्रतेने सुरू होतो, शिवाय हाडे लवकर ठिसूळ होतात. म्हणून ‘बीजकोश ठेवणार की काढणार, आणि का?’ हे विचारल्याशिवाय संमतीपत्रावर सही करू नये.

आपल्या भागातील बायका हे दुखणे किती काळ अंगावर काढतात, याचा पुरावा जुना आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष 1989 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. 92 टक्के स्त्रियांमध्ये एक तरी स्त्रीरोग आढळला, परंतु त्याआधी अशी तपासणी केवळ 8 टक्के स्त्रियांची झाली होती. तुम्ही दवाखान्याची पायरी चढलात, हे चांगले केले. आता सोनोग्राफीचा अहवाल सोबत घेऊन गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या, आणि जाताना हिमोग्लोबिनची चिठ्ठी विसरू नका; इतक्या रक्तस्रावानंतर लोहाच्या गोळ्या बहुधा आजपासूनच सुरू कराव्या लागतील.