पुराभिलेख म्हणजे दगड की कागद?

प्रश्न असा आला आहे: "माझी मुलगी इतिहासात एम. ए. करते. तिच्या एका विषयाचं नाव 'पुराभिलेखविद्या'. त्यात शिलालेख आणि ताम्रपट वाचायला शिकवतात. मुंबईतल्या 'पुराभिलेख संचालनालया'त मात्र जुनी सरकारी कागदपत्रं असतात. शब्द एकच, मग बरोबर कोण? आणि अर्जात तिने आपल्या अभ्यासाचं नाव काय लिहावं?"

बरोबर दोघेही आहेत, आणि गोंधळ होतो तो त्यामुळेच. एका शब्दाला दोन घरांनी दत्तक घेतलं आहे.

फोड सोपी आहे. पुरा म्हणजे पूर्वी, अधिक अभिलेख. 'आ' आणि 'अ' भेटले, दोघांचा मिळून दीर्घ 'आ' झाला. कळीचा शब्द अभिलेख. जमिनीची मोजणी करून घेतलेल्या कोणालाही 'भूमी अभिलेख' कार्यालय ठाऊक असतं. तिथे अभिलेख म्हणजे नोंद, जपून ठेवलेला कागद. मग पुराभिलेख म्हणजे जुने कागद. सरकारी भाषेचा हा हिशेब चोख आहे. इतिहासाच्या विभागात मात्र 'अशोकाचे अभिलेख' म्हटलं की डोळ्यांपुढे गिरनारची शिळा येते. तिथे अभिलेख म्हणजे कोरलेला मजकूर, आणि पुराभिलेखविद्या म्हणजे तो वाचण्याचं शास्त्र. शोभना गोखले यांच्या या विषयावरच्या पुस्तकाचं नावही 'पुराभिलेखविद्या' असंच आहे. हिशेब हाही चोख.

मग मूळ अर्थ कोणता? याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायात याचं फार सुंदर उत्तर सापडतं. राजाने जमीन दान दिली तर पुढे येणाऱ्या राजांना कळावं म्हणून लेख करून ठेवावा, असं तिथे सांगितलं आहे. तो कशावर करायचा? 'पटे वा ताम्रपट्टे वा', कापडावर नाहीतर तांब्याच्या पत्र्यावर. त्यावर आपली मुद्रा असावी आणि त्यात आपल्या पूर्वजांची व आपली नावं लिहावीत. या लिहिण्यासाठी स्मृतिकारांनी वापरलेलं रूप आहे 'अभिलेख्य'. म्हणजे शब्दाला माध्यमाशी काही देणंघेणं नव्हतं. कापड असो की तांबं, पुढच्यांसाठी नोंदवून ठेवलं की ते अभिलेखन. पुढे कापड कुजलं, तांबं टिकलं. संशोधकांच्या हाती दगड आणि धातूच लागत गेले, म्हणून त्यांच्या तोंडी हा शब्द कोरीव मजकुरापुरता आक्रसला असावा, असं मला वाटतं.

नुसत्या 'लेख' या शब्दाचंही तसंच आहे. वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेत बसून पटवर्धनांच्या दप्तरांतली पत्रं छापली, त्या मालेचं नाव 'ऐतिहासिक लेखसंग्रह'. त्यातले सगळे लेख कागदावरचे. शं. गो. तुळपुळे यांनी १९६३ साली शिलालेख आणि ताम्रपट एकत्र केले तेव्हा नाव दिलं 'प्राचीन मराठी कोरीव लेख'. नुसतं 'लेख' म्हणून भागणार नाही हे त्यांनी ओळखलं, आणि मागे एक साधं मराठी विशेषण लावून प्रश्न मिटवला. 'पुरालेख' या शब्दाला हा आधार मिळालेला नाही. कोणी तो शिलालेखाला वापरतो, कोणी कागदांना, आणि पुण्यात पेशवे दप्तर जिथे आहे त्या कचेरीला पुरालेखागार म्हणतात. काही जण तर जुन्या लिप्यांच्या अभ्यासालाही तोच शब्द लावतात. मी तो टाळतो.

आता दप्तर. हा शब्द मला सगळ्यांत जवळचा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कमावलेलं कातडं, कारण लिहायचं ते त्यावर. तिथून तो फारसीत 'दफ्तर' झाला आणि आपल्याकडे आला. (घशात कातड्यासारखा पडदा धरणाऱ्या घटसर्पाला डॉक्टर डिप्थेरिया म्हणतात, तोही याच मुळातून.) आपली मुलं पाठीवर नेतात ते दप्तर आणि पेशव्यांचं दप्तर हा एकच शब्द आहे. पेशवाईच्या हुजूर दप्तरात, म्हणजे पेशव्यांच्या मुख्य कचेरीत, 'चालते दप्तर' (चालू व्यवहारांचं) आणि 'एकबेरीज दप्तर' (हिशेबांच्या एकत्र गोळाबेरजेचं) असे भाग होते. रोजच्या नोंदींची रोजकीर्द असे, आणि दुकानदारांची कीर्द-खतावणी आजही त्याच घरातली. कागद कापडात बांधून ठेवत, त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. या रुमालांतून निवडलेली कागदपत्रं गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत प्रसिद्ध केली. एवढा शब्दसंसार ज्याच्या पोटात आहे, तो शब्द बाजूला सारून 'पुराभिलेख' आणावा, याचं मला खरंच वाईट वाटतं.

गोव्यात तर दप्तराला हवामान चिकटलं आहे. तिथला दप्तरखाना १५९५ साली दियोगू दु कोतू या इतिहासकाराच्या हाती सोपवून सुरू झाला. लिस्बनशी होणारा पत्रव्यवहार वाऱ्यावर चालणाऱ्या जहाजांच्या हंगामाने बांधलेला, म्हणून त्या पत्रांच्या बांधीव खंडांना नाव पडलं 'मोसमांची पुस्तकं'. पोर्तुगीजांचा 'मोंसांव' आणि आपला 'मोसम' दोन्ही अरबी 'मौसिम'चे. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी याच कागदांतून मराठ्यांच्या इतिहासाची साधनं बाहेर काढली.

दगड आणि कागद यांतला फरक वयाचा असतो असं कोणी म्हणालं तर तंजावर दाखवावं. तिथल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ साली भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. त्याच दरबाराचे मोडी कागद सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. घराणं एक, भाषा एक, काळही एक. तरी भिंतीवरचा मजकूर अभ्यासणारा ओल्या कागदावर शाईचा ठसा घेतो, अक्षराचं वळण आणि छिन्नीचा घाव पाहतो. कागद वाचणाऱ्याला धावती मोडी, जुन्या मराठी कागदांतल्या शुहूर सनाची कालगणना आणि हिशेबाच्या खुणा याव्या लागतात. कौशल्यं वेगळी, म्हणून नावंही वेगळी हवीत.

तेव्हा मुलीला सांगा, प्रमाणपत्रावर छापलेलं विषयाचं नाव बदलता येणार नाही, ते तसंच लिहावं. पण त्यापुढे 'शिलालेख व ताम्रपटांचे वाचन' एवढे शब्द जरूर जोडावेत. नाहीतर वाचणारा तिला मोडी रुमाल सोडायला बसवेल. आणि तिला तेही करायचं असेल, तर मोडी शिकून 'दप्तरातील कागदपत्रांचे वाचन' ही वेगळी ओळ लिहावी.