रिठी, बेचिराग आणि टोला : वैनगंगाकाठच्या गावांच्या नावापुढचे शब्द

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील एका वाचकाने विचारले आहे की, त्यांच्या आजोबांच्या नावे असलेल्या शेताच्या सातबाऱ्यावर मौजाच्या नावापुढे कंसात 'रिठी' असे लिहिलेले आहे आणि त्याच मौजाच्या एका जुन्या कागदावर 'बेचिराग' असा शेरा आहे. 'बेचिराग' हा 'बेचिराख'चा लेखनदोष समजावा काय, ते गाव कधी जाळले गेले होते काय, आणि रिठी म्हणजे नेमके काय, हे त्यांचे तीन प्रश्न आहेत. वारसाच्या नोंदीसाठी अर्ज करताना यांपैकी कोणता शब्द लिहावा, असेही त्यांनी शेवटी विचारले आहे.

'बेचिराग' हा लेखनदोष नाही. मूळ रूप तेच आहे. फारसीतील 'बे' म्हणजे वाचून, शिवाय. बेकार, बेवारस, बेदखल या शब्दांत आपण तो रोज वापरतो. 'चिराग' म्हणजे दिवा. ज्या गावात संध्याकाळी दिवा लागत नाही ते बेचिराग, म्हणजे ज्यात कोणी राहत नाही असे गाव. आग, लूट, लढाई यांपैकी कशाचाही उल्लेख या शब्दात नाही, आणि म्हणून केवळ या शेऱ्यावरून गाव जाळले गेले असा निष्कर्ष काढता येत नाही. महसुली दफ्तरात फारसी शब्दांची रीत मुसलमानी अमलापासून चालत आली, नागपूरच्या भोसल्यांच्या काळात ती टिकली आणि इंग्रजी बंदोबस्तानेही, म्हणजे जमिनीची मोजणी करून सारा ठरवण्याच्या कामानेही, ती मोडली नाही. मौजा, हलका, मिसल यांच्याच पंक्तीत बेचिराग बसतो.

'बेचिराख' कसा झाला, याचे उत्तर मराठी कानात आहे. फारसीतील हा शेवटचा वर्ण मराठीत एरवी 'ग' होऊन येतो, जसे बाग, दिमाग, डाग. येथे मात्र 'चिराग' हा शब्द स्वतंत्रपणे फारसा वापरात नसल्याने बोलणाऱ्याला त्याची फोड उमगेना, आणि त्याला त्यात ओळखीची 'राख' ऐकू आली. एकदा राख दिसली की अर्थही राखेमागे गेला आणि ओसाड या अर्थाच्या जागी जळून नष्ट झालेले हा अर्थ बसला. आगीत वस्ती बेचिराख झाली, असे आज लिहिणाऱ्याला मी चूक म्हणणार नाही, कारण त्या अर्थाने तो शब्द आता मराठीचा झाला आहे. पण जुन्या कागदातील 'बेचिराग' दुरुस्त करून 'बेचिराख' वाचणे ही चूक आहे, कारण त्याने इतिहासच बदलतो. दिव्यावरून वस्ती ओळखण्याची कल्पना फारसीने आपल्याला शिकवली असेही नाही. घरात दिवा लावायला कोणी उरले नाही, असे आपल्या आज्या निर्वंश घराविषयी म्हणतच आल्या आहेत.

आता रिठी, म्हणजे वस्ती उठलेले गाव. हा दफ्तरात शिरलेला, पण लोकांच्या तोंडचा शब्द आहे. 'त्या गावाची रिठी झाली', 'आमचं वावर रिठीत आहे', असे तो स्त्रीलिंगी नाम म्हणून बोलला जातो. कागदावर तो गावाच्या नावापुढे विशेषणासारखा कंसात येतो. काही भागांत 'रीठ' असेही म्हणतात. 'रिक्त' या संस्कृत शब्दावरून रिठी आली, असे काही हौशी अभ्यासक सांगतात. अर्थ जुळतो, परंतु ध्वनी जुळत नाहीत. 'क्त' या जोडाक्षराचा मराठीपर्यंत येताना 'त' होतो: भक्ताचा भात, रक्ताचा राता, मुक्तेचे मोती, आणि खुद्द 'रिक्त'चा 'रिता'. ज्या शब्दापासून 'रिता' नियमाने निघाला, त्याच शब्दापासून मूर्धन्य आणि महाप्राण 'ठ' असलेली 'रिठी' निघण्याचे कारण दाखवता येत नसेल, तर ती व्युत्पत्ती सोडून द्यावी, असे माझे मत आहे. केसांना लावण्याच्या रिठ्याशीही तिचा संबंध जोडला जातो. तो तर केवळ उच्चारसाम्याचा खेळ आहे.

व्युत्पत्तीपेक्षा अर्थाची कड अधिक महत्त्वाची आहे. जुन्या मराठी गावगाड्यात गावाचे दोन भाग मानले जात: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाऊ जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा, जिथली माती पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलीच्या राखेने आणि पडक्या भिंतींनी फिकट होत जाते. विदर्भाच्या कागदांत या वस्तीच्या जागेला आबादी म्हणतात, महाराष्ट्रात इतरत्र ती गावठाण म्हणून ओळखली जाते. रिठी म्हणजे जिची पांढरी उठली आणि काळी मात्र शाबूत राहिली अशी मौजा. तिची शीव, गटांचे क्रमांक, धुरे, बोडीची (लहान तलावाची) पाळ, पांदण, सगळे जागेवर असते. शेजारच्या गावातले लोक तिथे धान लावतात आणि संध्याकाळी आपल्या घरी परततात. दुसऱ्या गावात राहून येथे कसणाऱ्याला जुन्या भाषेत पाहीकास्तकार म्हणत. जुन्या पांढरीवर बहुधा चिंचेची झाडे, बुजत आलेली विहीर आणि मातामायचे ठाणे एवढेच उरते, आणि वस्ती उठून गेल्यावरही वर्षातून एकदा पूजेला जाणारी घराणी असतात. म्हणून 'रिठी'चा अर्थ 'नष्ट झालेले गाव' असा देणे मला अपुरे वाटते. नष्ट झाली ती वस्ती. गाव, निदान तलाठ्याच्या अर्थाने, जिवंत आहे.

तलाठ्याच्या अर्थाने ते जिवंत का राहिले, याचे कारण मालगुजारीत, म्हणजे गावाचा सारा सरकारात भरणाऱ्या मालगुजारांच्या पद्धतीत, सापडते. नागपूरचे राज्य रघुजी भोसले तिसऱ्यांच्या 1853 मधील निधनानंतर खालसा झाले आणि 1861 मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. त्यानंतरच्या बंदोबस्तात नागपूर, वर्धा, भंडारा आणि चांदा (आताचे चंद्रपूर) या जिल्ह्यांत मालगुजारांना गावाचे मालक ठरवण्यात आले. वऱ्हाडात मात्र रयतवारी होती आणि तिथे सरकारचा संबंध थेट खातेदाराशी होता. मालगुजारीत आकारणीचे एकक मौजा हे होते. मौजात घर असो वा नसो, सरकारला देणे लागत होते आणि मालगुजाराला त्यातून घेणे होते. आपल्याकडे 'ओसाड गावची पाटीलकी' ही म्हण निरर्थक मोठेपणासाठी वापरतात, पण धानाच्या मुलखात ओसाड गावची मालगुजारी मुळीच निरर्थक नव्हती, विशेषतः त्या मौजात एखादा चांगला तलाव असेल तर. 31 मार्च 1951 रोजी मालगुजारी संपली आणि तलाव, जंगल, आबादी हे सरकारकडे गेले. मौजांच्या सीमा आणि नावे मात्र तशीच राहिली.

वस्त्या उठल्या कशा, याचे एकच उत्तर देण्याचा मोह टाळावा. 1803 च्या देवगावच्या तहाने रघुजी दुसऱ्यांकडून कटक आणि वऱ्हाड गेले, आणि उरलेल्या मुलखातून तूट भरून काढण्यासाठी रयतेवर इतका बोजा पडला की या राजाचे नाव 'बडा बनिया' असे पडले. त्यातच पेंढाऱ्यांचे धुमाकूळ 1817-18 पर्यंत चालू होते. लहान वस्तीने अशा वेळी मोठ्या, गढी असलेल्या गावाचा आश्रय घेणे साहजिक होते. वैनगंगेचा पूर हे दुसरे कारण. बावनथडी, कन्हान, सूर, चुलबंद यांचे पाणी घेत ती खाली येते आणि सखल काठावरच्या घरांना वस्ती वर सरकवावी लागते. पटकी आणि देवीच्या साथी, वाघाचे भय, फुटलेला तलाव अशी कारणेही म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकू येतात, आणि एखाद्या विशिष्ट रिठीचा शोध घ्यायचा असेल तर तिथूनच सुरुवात करावी.

दुष्काळाचे प्रकरण मात्र आकड्यांत दिसते. 1896-97 आणि 1899-1900 असे दोन दुष्काळ एकाच दशकात पडले. दुसऱ्याला विक्रम संवत 1956 वरून छप्पनचा दुष्काळ म्हणतात. पावसाच्या शेवटच्या सरी चुकल्या की धान जाते, आणि भंडारा जिल्ह्याचा सारा भार धानावर होता. 1901 च्या जनगणनेत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या 6,63,062 भरली, म्हणजे दहा वर्षांत सुमारे 11 टक्क्यांनी घट. त्या वेळच्या जिल्ह्यात आजचा गोंदियाही होता. तो 1 मे 1999 रोजी वेगळा झाला. 2011 मध्ये भंडाऱ्याची लोकसंख्या 12,00,334 आणि गोंदियाची 13,22,507 होती. दोन्ही मिळून साधारण त्याच प्रदेशात आता पावणेचार पट माणसे राहतात. मग रिठ्या पुन्हा का भरल्या नाहीत, असा प्रश्न कोणीही विचारील. माझ्या मते, लोक वाढले ते पाणी, बाजार आणि रस्ता असलेल्या ठिकाणी. 1880 च्या दशकात नागपूरहून छत्तीसगडकडे रेल्वे गेली, तिच्यावर गोंदिया आणि तुमसर वाढले. पुढे शाळा, दवाखाना आणि वीज यांनीही जुन्या पांढरीऐवजी सडकेवरचे गाव निवडले. शेत दोन कोसांवर असले तरी चालते, शाळा तितकी दूर असून चालत नाही.

वाढलेल्या माणसांचा दुसरा मार्ग 'टोला' या शब्दात दिसतो आणि रिठीचा विचार त्याच्यावाचून पुरा होत नाही. मूळ गावात जागा अपुरी पडली, एखाद्या जातीची किंवा भावकीची घरे वेगळी झाली, शेताजवळ राहणे सोयीचे वाटले, की गावाबाहेर टोला किंवा टोली उभी राहते. गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत हा शब्द सर्रास चालतो. पश्चिमेकडे त्याची जागा वाडी घेते. टोल्याला माणसे असतात, चुली असतात, पण बहुधा स्वतःची शीव नसते. कागदावर तो मूळ मौजातच मोजला जातो. रिठीत शीव आहे आणि चूल नाही, टोल्यात चूल आहे आणि शीव नाही. जनगणनेचे 'गाव' म्हणजे महसुली गाव असल्यामुळे निर्जन मौजाही यादीत आपल्या नावाने येते आणि तिच्यापुढे शून्य लिहिले जाते. 2011 मध्ये देशात मोजलेल्या सुमारे 6 लाख 40 हजार गावांपैकी जवळजवळ 43 हजार गावे अशी निर्जन होती. गावांची संख्या वाचून वस्त्यांची संख्या समजली, असे मानणारे या ठिकाणी फसतात.

जाता जाता, दक्षिणेला चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाजूला गेल्यास गावांच्या नावांना 'तुकूम' लागलेले आढळते. चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला त्याच्या पाण्याखाली भिजणारी जमीन तुकूम म्हणून देण्याची रीत घातली होती. चंद्रपूर शहरातल्या तुकूम या वस्तीत राहणाऱ्या अनेकांना हे ठाऊक नसते.

गोसेखुर्दच्या पाण्याखाली गेलेल्या गावांना रिठी म्हणावे काय, असेही कोणी विचारू शकेल. पवनीजवळच्या या धरणाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाली आणि पुढे जलाशयासाठी नदीकाठची गावे उठवावी लागली. त्यांना लोक 'बुडीत गावे' म्हणतात आणि तेच योग्य आहे. रिठीत काळी शिल्लक असते; बुडीत गावाची काळीही गेली. शिवाय रिठी पडायला एक-दोन पिढ्या लागतात, तर बुडीत गाव भूसंपादनाच्या नोटिशीने उठते. लोकभाषेने हा भेद आपोआप केला आहे.

राहिला अर्जाचा प्रश्न. अर्जात मौजाचे नाव सध्याच्या सातबाऱ्यावर जसे आहे तसेच, कंसातील 'रिठी'सह लिहावे, कारण जवळपास त्याच नावाची दुसरी, वस्ती असलेली मौजा असू शकते आणि 'रिठी' गाळल्यास जमीन भलत्याच मौजात शोधली जाईल. पटवारी हलका क्रमांक, म्हणजे कागदावरील 'प.ह.नं.', सोबत द्यावा. राहण्याचा पत्ता म्हणून रिठीचे नाव देऊ नये, तिथे आपले ज्या गावी घर आहे ते गाव लिहावे. काही ठिकाणी रिठीत आता शेतावर घरे उभी राहिली आहेत. तरीसुद्धा नावापुढचा शब्द आपल्या मनाने काढू नये, कारण तो मौजाच्या नावाचाच भाग झालेला असतो. 'रिठी' लिहिलेली जमीन सरकारजमा किंवा बेवारस असते, हा समज निराधार आहे. खातेदाराचा हक्क इतर कोणत्याही मौजातल्यासारखाच असतो. फक्त जुन्या आबादीच्या जागेवर मालकी सांगायची असेल, तर 1951 नंतर ती कोणाच्या नावे लागली हे आधी पाहावे लागेल. 'बेचिराग' हा शेरा आहे, नाव नव्हे. तो अर्जात उतरवण्याची गरज नाही. जुन्या कागदाचा उतारा जोडायचा झाल्यास त्यातील 'ग' तसाच राहू द्यावा.